कंडक्टरला आपल्यात काय म्हणतात

ब्रह्मपुरी
१२ ऑगस्ट १९५५

चि. वच्छला हीस गुणवंतमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनने थेट गिरणीत आणून दिलं, त्यामुळे त्यावर थोडा कोंडा बसला, पण अक्षरं शाबूत आहेत. दोनदा वाचलं. एकदा गिरणी चालू असताना आणि एकदा बंद करून, कारण पहिल्या वेळी डोळ्यांवर विश्वास बसला नाही. नागपूरच्या शाळेतली मास्तरीण, बी. ए. झालेली, ती ब्रह्मपुरीच्या धान भरडणाऱ्या मामाला सल्ला विचारते. हे वाक्य तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखव. गुणाबाई लहानपणी मला बहिरा बैल म्हणायची, कारण हाक मारली की मी ओ देत नसे. मला ऐकू यायचं. मी तेव्हा दुसरं काहीतरी ऐकत असायचो.

आता तुझं काम. प्रकाशकाने तुला शाळकरी पोरांसाठी एका परदेशी वाजवणाऱ्याचं चरित्र मराठीत लिहायला दिलं, ही आनंदाची गोष्ट. त्यातले गाण्याबजावण्याचे शब्द तुला अडतात, तेवढे मी सांगेन. पण पहिलाच प्रश्न तू असा टाकलास की मन खट्टू झालं. तू लिहितेस, हा मातियास क्रोल नावाचा साहेब शंभर वर्षांमागे राजे-रजवाड्यांसमोर पियानो वाजवायचा आणि पुढे कंडक्टर झाला. तर कंडक्टरला आपल्यात काय म्हणतात?

वच्छले, राजासमोर बसणारा माणूस उतारवयात मोटारीवर तिकिटं फाडतो, याला आपल्यात दैव म्हणतात. आमच्या नागभीडच्या मोटारीवर इसरू कंडक्टर आहे. त्याचाही गळा बरा आहे. "चला नागभीड" असं काळी चारमध्ये ओरडतो, अर्धा सूर इकडे-तिकडे होत नाही. पण त्याला आम्ही कंडक्टरच म्हणतो. शंभर वर्षांमागे मोटारी होत्या का, एवढी शंका आहे. घोड्याच्या असतील.

इकडे सगळं ठीक. जानेवारीत शंकरपट आहे, दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक, दरवर्षीप्रमाणे. शाळेतले लच्छू मास्तर परवा म्हणाले, "मामा, यंदा ऑर्गनवर मले बसू द्या." मी म्हटलं, "बसा की. मी मेल्यावर."

मामीचा आशीर्वाद.
तुझा गुणवंतमामा


नागपूर
२१ ऑगस्ट १९५५

ती. गुणवंतमामांस वच्छलाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "गुणवंताले लिव, बैल अजून बहिराच हाये."

मामा, तो मोटारीवरचा कंडक्टर नव्हे. तिकडे एका वेळी चाळीस-पन्नास माणसं मिळून वाजवतात. सारंगीच्या जातीची वाद्यं, बासऱ्या, तुताऱ्या, नगारे. त्यांच्यासमोर एक माणूस उभा राहतो. त्याच्या हातात दोन वितींची काडी. तो स्वतः काहीच वाजवत नाही. काडी हलवतो आणि त्या काडीवर सगळे वाजवतात. लोक तिकीट काढून येतात, आणि हा लोकांकडे पाठ करून उभा. त्याला कंडक्टर म्हणतात. आता सांगा, याला मराठीत काय म्हणू?

क्रोलची गोष्ट तुम्हाला थोडी थोडी लिहीत जाईन. तुम्हाला लिहिली की मला मुलांसाठी लिहिणं सोपं जातं. तो नदीकाठच्या एका गावात जन्मला. बापाची पिठाची गिरणी होती. घरी पियानो नव्हता. गावच्या पाद्र्याकडे होता, पण तिथे रविवारीच बसू देत. बाकीचे दिवस हा पोरगा गिरणीतल्या एका फळीवर कोळशाने पट्ट्या काढायचा आणि त्यावर बोटं चालवायचा. बापाला वाटलं, पोराला फेफरं येतं. वैद्याला बोलावलं. वैद्य थोडा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "याला फेफरं नाही, फक्त तुमच्या घरात आवाज नाही."

पुढे तो फार मोठा झाला आणि तितकाच गर्विष्ठ. घोडागाडीतून देशोदेशी जायचा. वाजवताना कोणी खोकललं तर हात उचलून घ्यायचा आणि तो माणूस बाहेर जाईपर्यंत पुन्हा पट्टीला बोट लावायचा नाही.

आईला बरं आहे. मामीला नमस्कार.
तुमची वच्छला


ब्रह्मपुरी
४ सप्टेंबर १९५५

चि. वच्छला हीस आशीर्वाद.

लोकांकडे पाठ? हे मी मामीला सांगितलं, ती म्हणाली तुझ्या वाचण्यात चूक झाली असेल. आपल्या झाडीपट्टीत नाटकाच्या मांडवात लोकांकडे पाठ करून कोणी उभा राहिला तर आधी चप्पल येईल, मग विचारतील कोण होता. आणि खोकणाऱ्याला बाहेर काढायचं ठरवलं तर पटाच्या थंडीत मांडवात फक्त मी आणि सोमाजी तबलेवाला उरू. सोमाजीलाही खोकला आहे.

पण ती कोळशाच्या पट्ट्यांची गोष्ट वाचून मी गिरणी बंद केली आणि बाहेर जाऊन बसलो. तुला हे माहीत नसेल. मी तेव्हा बापाची बैलगाडी हाकत होतो. एका नाटक कंपनीचं सामान स्टेशनावर उतरलं, ते गावात आणायचं होतं. त्यात एक मोठी पेटी. गाडी खड्ड्यात आपटली की पेटीच्या आतून कोणीतरी कण्हायचं. ते जनावर आहे की माणूस, कळेना. मग कळलं की तो सूर आहे. पायाने हवा भरून वाजवायचा ऑर्गन होता तो. धक्का बसला की भात्यातली हवा सुटायची. त्यानंतर मी एकही खड्डा चुकवला नाही. कंपनीचा मालक गाडीमागून शिव्या देत चालला होता आणि मी खड्डे शोधत होतो.

पुढे ती कंपनी मोडली. तोच ऑर्गन मी त्याच गाडीतून घरी आणला. त्या वेळी मात्र सगळे खड्डे चुकवले.

गिरणीने मला पोट दिलं. पण पटाला येणारे लोक गिरणीवाल्याला बघायला येत नाहीत. ते आधी विचारतात, "ऑर्गनवर गुणवंतरावच हाये ना?" आणि मग गाडी जुंपतात. म्हणून म्हटलं, मी मेल्यावर.

तुझ्या शब्दाचं म्हणशील तर काडीवाला कसा वाटतो?

गुणवंतमामा


नागपूर
९ ऑक्टोबर १९५५

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. रागावलात का? ‘काडीवाला’ मी खरंच प्रकाशकांना सांगून पाहिला. ते म्हणाले, "बाई, हा पियानो वाजवतो की आगपेट्या विकतो?" त्यांनी स्वतः एक शब्द दिला आहे: वाद्यवृंद-संचालक. मी तो लिहून बघितला. शब्द बरोबर आहे, पण तो आला की वाक्य जागच्या जागी बसतं, उठत नाही. म्हणून अजून तिथे जागा कोरी ठेवली आहे.

आई रोज विचारते, गुणवंताचं पत्र आलं का. एक ओळ तरी टाका.

वच्छला


ब्रह्मपुरी
२३ ऑक्टोबर १९५५

चि. वच्छला हीस आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतो आहे आणि मामी लिहिते आहे. माझ्या चष्म्याची काडी मोडली. मामी गेल्या वर्षी प्रौढांच्या वर्गाला जाऊन लिहायला शिकली, तिचा सराव होईल. (सराव माहा आन हुकूम त्याईचा.)

रागावलो नाही. गिरणीत काम फार होतं. संचालक हा शब्द मला चालत नाही. आमच्या सोसायटीत सात संचालक आहेत. ते एकत्र बसले की काय वाजतं, ते मी ऐकलेलं आहे.

यंदा पटाच्या नाटकाला ऑर्गनवर लच्छू मास्तर बसतील. तरण्या माणसाला जागा द्यावी. माझं आता वय झालं. (पोळ्याले तं मनत होते का मी मेल्यावर.) हे मामीने आपल्या मनाने लिहिलं आहे, ते खोडायला सांगतो आहे. (मी नाई खोडत. पाटीवरचं पुसता येते, कागदावरचं नाई, असं आमच्या बाईनं शिकवलं.)

बाकी ठीक. क्रोल साहेबाचं पुढचं लिही. तेवढं वाचायला बरं वाटतं.

गुणवंतमामा

(ऑर्गनवर पांढरं फडकं टाकून ठेवलं हाये. मी रोज झटकतो. मनकर्णा मामी.)


नागपूर
२ नोव्हेंबर १९५५

ती. मामांस आणि सौ. मामींस साष्टांग नमस्कार.

मामींचं अक्षर पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "या घरात आता मीच एक आंगठेबहाद्दर उरलो." उद्यापासून मी तिला शिकवणार आहे.

मामा, लच्छू मास्तरांना ऑर्गन दिलात, हे मन मोठं असल्याशिवाय होत नाही. आणि मामी, फडकं टाकलंत ते छान केलं, गिरणीचा कोंडा सगळीकडे उडत असतो.

आता क्रोलच्या आयुष्यातला खरा भाग येतो. चाळिशीच्या सुमारास त्याचा उजवा हात आखडला. बोटं वळेनात. त्याने हे सगळ्यांपासून लपवलं. कार्यक्रम मोडले, घोडा लंगडा झाला म्हणून कळवलं, आजारी आहे म्हणून कळवलं. पियानोला कुलूप लावून किल्ली नदीत टाकली. सबंध एक वर्ष तो घराबाहेर पडला नाही. जवळच्यांनाही सांगितलं, की मला आता वाजवण्याचा कंटाळा आला आहे, तरण्या लोकांनी वाजवावं.

मग एका मित्राने त्याला ओढत एका तालमीला नेलं. तिथे पन्नास माणसं वाजवत होती, आणि क्रोलला त्या पन्नासांतल्या एकेकाची चूक वेगळी ऐकू येत होती. त्याने डाव्या हातात काडी घेतली. त्या दिवसापासून तो कंडक्टर. पुढची वीस वर्षं त्याने स्वतः एक सूर वाजवला नाही आणि लोक म्हणत, क्रोल पूर्वीपेक्षा चांगला वाजवतो.

कसं वाटलं? मुलांना आवडेल ना?

वच्छला


ब्रह्मपुरी
९ नोव्हेंबर १९५५

वच्छला, आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे. डाव्या हाताचं आहे. तुला ठाऊकच आहे, तेव्हा चष्म्याचं सोंग पुरे.

तुला कोणी कळवलं? मामी म्हणते तिने नाही. लच्छू मास्तरांनी कळवलं असेल. सप्टेंबरात गिरणीचा पट्टा घसरला आणि मी चालू पट्ट्याला हात घातला. हात वाचला. उजव्याची तीन बोटं वळत नाहीत आणि वळणार नाहीत. गुणाबाईला रडारड नको म्हणून कोणाला कळवायचं नाही असं मी सगळ्यांना बजावलं होतं.

आणि तू आता मला गोष्ट पाठवलीस. साहेबाचा बाप गिरणीवाला. साहेबाचा उजवाच हात गेला. साहेबाने कंटाळा आला म्हणून सांगितलं, तरण्यांना जागा द्या म्हणाला. अगदी माझे शब्द. मग डाव्या हातात काडी घेतली आणि वीस वर्षं आनंदीआनंद. पोरी, मी गाडीवान होतो, खुळा नव्हतो. हा क्रोल तू माझ्यासाठी बनवलास. तुझी माया मला कळते. पण गोष्ट सांगून मला निजवायचं वय गेलं. मी पन्नास माणसांसमोर काडी घेऊन उभा राहणार नाही. आमच्याकडे पन्नास नाहीतच. लच्छू मास्तर, सोमाजी आणि एक झांजवाला आहे.

ऑर्गन आरमोरीच्या नाटकवाल्यांना देऊन टाकला आहे. पट लागायच्या आधी त्यांची गाडी येईल. घरात तो फडक्याखाली दिसतो, ते मला बघवत नाही.

दिवाळीला खुशाल राहा.
मामा


नागपूर
१३ नोव्हेंबर १९५५

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

मला काही माहीत नव्हतं. कोणीही कळवलं नव्हतं. तुमच्या हाताचं मला तुमच्याच पत्राने कळलं. पत्र आईला वाचून दाखवताना मध्येच थांबले तर ती म्हणाली, "लपवू नको, तुया मामाचंच रक्त हाये तुयात." मग सगळं वाचलं. काल आमच्याकडे कोणी जेवलं नाही.

फडक्याचं वाक्य मी चारदा वाचलं होतं, मामा, आणि मला कोंडा आठवला. माझ्या बी. ए. ला काय म्हणावं?

क्रोल मी बनवला नाही. पुरावा म्हणून पुस्तकच पाठवते आहे, पार्सलने. प्रकाशकांना सांगितलं आहे की महिनाभर काम थांबेल. तुमच्या स्टेशनमास्तरांना इंग्रजी चांगलं येतं असं तुम्हीच म्हणायचात. जिथे खुणेला मोरपीस ठेवलं आहे, तिथून त्यांच्याकडून वाचून घ्या. शाळकरी मुलांसाठी म्हणून मी काही गाळलं आहे. पण पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

ऑर्गन देऊ नका असं सांगायचा माझा अधिकार नाही. फक्त पुस्तक वाचल्यावर द्या.

वच्छला


ब्रह्मपुरी
४ डिसेंबर १९५५

चि. वच्छला हीस मामाचे आशीर्वाद.

अक्षर थोडं सुधारलं आहे, बघ. मामी रोज माझ्याकडून पाटी गिरवून घेते. फार मारकी मास्तरीण आहे.

पुस्तक घेऊन स्टेशनावर गेलो. मास्तर मद्रासकडचे, मराठी बोलतात ते सिग्नल पाडल्यासारखं, मध्ये मध्ये खट खट. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ते वाचायचे आणि सांगायचे. गिरणी आहे. पाद्री आहे. खोकला आहे. हाताचंही पान आलं. तरी माझा विश्वास नव्हता. मनात म्हटलं, छापखाना नागपुरातही आहे.

मग ते पान आलं, जे तू गाळलंस. क्रोल पहिल्यांदा काडी घेऊन लोकांसमोर उभा राहिला त्या दिवसाचं. मास्तर वाचत होते आणि मी बाकावरून उठून उभा राहिलो. सगळं फसलं म्हणे. बासरीवाले एकीकडे, नगारे एकीकडे. मागून लोक हसले. क्रोलने काडी खाली ठेवली, लोकांकडे तोंड केलं आणि म्हणाला, "चूक माझी आहे. पहिल्यापासून घेतो." आणि घेतलं. दुसऱ्यांदाही फार चांगलं झालं नाही, असं पुस्तकात आहे.

तेव्हा मला पटलं. बनवलेल्या गोष्टीतला माणूस पहिल्याच दिवशी तोंडावर आपटत नाही. तुला माझी समजूतच काढायची असती तर तू त्याला त्या दिवशी हार घातला असतास. वच्छले, सगळ्यांत कामाचं पान तेवढंच होतं आणि तेच तू पोरांपासून लपवलंस.

तिथून मी घरी गेलो नाही, तालमीत गेलो. सप्टेंबरपासून तिकडे फिरकलो नव्हतो. लच्छू मास्तर शाळेच्या हार्मोनियमवर. बोटं सोन्याची आहेत गड्याची, पण पळतो फार. बाबुलाल लुगडं नेसून राणीचं पद म्हणत होता, त्याला श्वास घ्यायला जागा मिळेना. सोमाजी तबल्यावर मागून धावतोय. मी दारातूनच म्हटलं, "लच्छू मास्तर, गाडी कोठी नेता? सवारी मांगं पडली."

मास्तर थांबले. म्हणाले, "मंग तुमीच सांगा मामा, कसं घेऊ."

आता सांगू कसा? हात तर असा. दाराशी कोणाची तरी तुतारी टेकून ठेवलेली होती. वाजवायची नव्हे, बैल टोचायची. ती डाव्या हातात घेतली आणि समोर स्टुलावर बसलो. म्हटलं, हिच्याकडे बघा. ही वर गेली की श्वास, खाली आली की सम.

बाबुलाल म्हणाला, "मामा माशा हाकलून राह्यला." सगळे हसले. मीही हसलो. पहिल्यांदा फसलं. दुसऱ्यांदा फसलं. मी म्हटलं, चूक माझी, पहिल्यापासून. सोमाजी म्हणाला, "मामा, तुमी चूक कबूल करून राह्यले म्हंजे आता तब्येत दाखवा लागन." पण चौथ्यांदा बाबुलालने पदाच्या मध्ये श्वास घेतला आणि कोणाला कळलं नाही. मला कळलं.

पुस्तक परत पाठवतो. मोरपीस मामीने ठेवून घेतलं.

गुणवंतमामा


नागपूर
१५ डिसेंबर १९५५

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

ते पान मी पुन्हा घातलं. प्रकाशक म्हणाले, मुलांसमोर थोर माणसाची फजिती नको. मी म्हटलं, फजितीशिवाय तो माझ्या मामालाच खरा वाटला नाही, मुलांना काय वाटणार. त्यांनी पान ठेवून घेतलं.

पण तो शब्द अजून कोरा आहे. जानेवारीअखेर प्रुफं येतील. तोवर सापडला नाही तर संचालकच छापतील.

पटाला यायचं फार मनात आहे, पण शाळा सुट्टी देत नाही. आई विचारते, आरमोरीची गाडी आली का? मी तिला काय सांगू?

वच्छला


ब्रह्मपुरी
२० जानेवारी १९५६

चि. वच्छला हीस अनेक आशीर्वाद.

आरमोरीची गाडी नेमकी पटाच्या सकाळी आली. गाडीवान म्हणाला, "पेटी नेवाले आलो." मी म्हटलं, पेटी मांडवात कामावर गेली आहे. रिकामी गाडी पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून तांदळाचं एक पोतं टाकलं. तो खूश होऊन गेला. त्याच्या मालकाचं मला अजून पत्र नाही.

नाटकाचं सांगायचं तर आधी भांडण झालं ते मी कुठे बसायचं यावर. लोकांकडे तोंड करून बसलो तर लच्छू मास्तरांना मी दिसत नाही. त्यांच्याकडे तोंड केलं तर लोकांकडे पाठ. शेवटी क्रोल साहेबाचं नाव घेतलं आणि पाठ केली. चप्पल आली नाही. लोक मात्र कुजबुजत होते, गुणवंतराव रुसले काय म्हणून. मला मागचं सगळं ऐकू येतं.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात राणीच्या पदाला झांजवाला लोकांकडे बघत राहिला आणि सगळं फाटलं. मी तुतारी खाली ठेवली. उठलो. लोकांकडे तोंड करून म्हटलं, "चूक माझी. पयल्यापासून घेतो." आणि मागून कोणी म्हातारा बोलला, "घ्या मामा, आमाले कोठी जावाचं हाये." मग घेतलं. या वेळी ते पद असं गेलं, की वच्छले, लोक खोकायचे थांबले. मी कोणाला बाहेर काढलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी मला वाटत होतं की ऑर्गन गेला म्हणजे कान कशाला ठेवायचे. आता रोज संध्याकाळी तालमीत असतो. मंडळी म्हणते पुढच्या वर्षी एक सारंगी आणू. मी म्हटलं, आधी झांजवाल्याची मान सरळ करू.

तुझं काम मात्र माझ्याकडून झालं नाही. शब्द काही सापडला नाही. खूप डोकं चालवलं. घाल बापडी संचालक. पोरं समजून घेतील.

मामीने एक वेगळा कागद घातला आहे. मला दाखवला नाही. आता ती खूप शिकली.

तुझा गुणवंतमामा


वच्छला बाईले मनकर्णा मामीचा आसीरवाद.

तुया मामाचं पत्र चोरून वाचलो. शबद नाई सापडला मनते. कसा सापडन, तो त्याईले दिसतच नाई. मले दिसला.

मी बायाईत मांगं बसलो होतो. म्होरं त्याईची पाठ. तं मले आमच्या लगनाचा दिवस याद आला. गाडी हाकाले माणूस आणाची आयपत नोहती, नवरदेवच म्होरं धुरीवर बसला. माह्या मायेरापासून इथवर मी त्याईची पाठच पायली, तोंड मंग पायलं. बैलाले एकडाव बी हाणलं नाई त्याईनं. पाठीवरूनच मले समजे का आता चढाव हाये, आता नाला हाये, आता पानी पाजाले थांबते. नाटकात तसीच पाठ हालत होती. तेच खांदे.

बाजूले देवकाबाई होती. मने, "बाई, तुया मालक तं काईच नाई वाजवत. मंग तिथी काऊन बसला?"

मी मनलो, "काऊन वो, धुरकरी काय गाडी वढते का?"

तवा ते आयकाले लागली.

तं तुया त्या मानसाले धुरकरी मन. छापनाऱ्यानं इचारलं का हा शबद कोन्या पुस्तकात हाये, तं सांग आता तुयाच पुस्तकात हाये.

फडकं धुतलं आन त्याचं पोतेरं केलं. पुस्तक निंगालं का एक इकडे पाठव. त्याईले मी वाचून दाखवीन.

मनकर्णा